तीस मार खान: फार तर पंधरा मारले असतील

परवा रात्री लाईट गेली ती दोन वाजता आली, तोवर झोप उडालेली, मग फोनवर 'तीस मार खान' परत लावला. २०१० च्या डिसेंबरात आलता तवा आम्ही औरंगाबादला रूम करून राहायचो, पाचजण मिळून गेलतो अन् इंटरव्हलला दोघं चहाला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. एवढा वाईट आहे का? नाही हो. पण पैसे वसूल म्हणावं तर तसंबी नाही.

अक्षय कुमार चोर. ट्रेनमधला ५०० कोटींचा खजिना उडवायचाय, पण एवढा माल उतरवायला माणसं कुठून आणायची? म्हणून हा डायरेक्टर बनून धुलिया नावाच्या गावात शूटिंग लावतो, इंग्रजांच्या काळातला देशभक्तीचा पिच्चर, त्यात गाववाल्यांनी ट्रेन लुटायची. (धुलिया ऐकून आमचा धुळ्याचा रूममेट आधी लय खूश झालता, गाव दिसल्यावर गप बसला.) आयडिया एक नंबर, पण मूळची १९६६ च्या 'आफ्टर द फॉक्स'ची. तो इटलीच्या डायरेक्टर व्हित्तोरियो दे सिकाचा, म्हंजे 'बायसिकल थीव्ह्ज'वाल्याचा.

खरी मजा अक्षय खन्ना. ऑस्करसाठी येडा झालेला हिरो, 'स्लमडॉग' आपण सोडला अन् अनिल कपूरनं केला याचं दुःख त्याला झोपू देत नाही. तो पडद्यावर आला की पिच्चर जागा होतो, गेला की परत आरडाओरडा सुरू. ते अंगाला अंग चिकटलेले जुळे जोहरी ब्रदर्स तर पाच मिनिटात डोकं उठवतात. डायरेक्टर फराह खाननं आधीच्या 'ओम शांती ओम'मधी पिच्चरवाल्यांची टर उडवली ती माया लावून उडवली होती, इथं नुसता गोंगाट.

मला राग आला तो गाववाल्यांवरून. आमच्या अंबाजोगाईकडच्या गावात एकदा दोन दिवस शूटिंग होतं. जनरेटरची गाडी, चांदीसारखे चमकणारे रिफ्लेक्टर अन् दिवसभर नुसतं बसून राहणं. एकच सीन, बाई घागर घेऊन येती, सात वेळा आली. माझी आजी म्हणली, "आगं, तिला एकदाच भरून द्या की पाणी!" सरपंच दोन्ही दिवस कडक इस्त्रीत, कॅमेरा जिकडं वळंल तिकडं हळूच सरकायचे. त्यांना ट्रेन लुट म्हणलं असतं तर लुटली असती, फक्त चेहरा दिसला पाहिजे. हाच तर सगळा जोक आहे ना राव! अन् पिच्चरमधी गाव म्हंजे नुसती ओरडणारी गर्दी, एकाचंबी तोंड ध्यानात राहत नाही. आमच्या लक्ष्मण देशपांडे सरांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधी एकट्यानं ५२ माणसं उभी केली, सगळी अजून डोळ्यासमोर आहेत, अन् इथं एवढं बजेट असून हे हाल.

'शीला की जवानी'बद्दल मी काय सांगू, ते लग्नाच्या वरातीत पाठ झालंय सगळ्यांना.

बघायचाच असंल तर कपड्याला इस्त्री करत बघा, अक्षय खन्ना आला की इस्त्री बाजूला ठेवा, नाहीतर शर्ट जळंल.

काल त्या चहावाल्यांपैकी एकाला मेसेज टाकला, उरलेला अर्धा बघतो का आता. म्हणला, ट्रेन लुटली का शेवटी? लुटली म्हणलं. मग काहून बघू, म्हणला.