बाखची ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो: तिकीट जुन्या वाद्यांचं काढावं की आताच्या?

मावशी तीन महिन्यांसाठी लेकीकडे लंडनला चालली आहे. आयुष्यभर ख्याल ऐकलेली बाई, आता अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख प्रत्यक्ष ऐकायचा म्हणते. दोन कार्यक्रमांच्या जाहिराती तिने मला पाठवल्या. दोन्हीकडे त्याची ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या रचना, आहेत, पण एकीवर ‘पीरियड इन्स्ट्रुमेंट्स’ (त्या काळच्या घडणीची वाद्यं) असं लिहिलंय. कुठलं तिकीट काढू, हा तिचा प्रश्न.

आधी एक खबरदारी. लंडनमध्ये नावांचा हमखास घोळ होतो. ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक’ (स्थापना १९७३) बाखच्या काळच्या घडणीची वाद्यं वाजवते. ‘अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स’ आधुनिक वाद्यांवर वाजवते. नुसतं ‘अकॅडमी’ वाचून पैसे भरू नका.

आता फरक. बाखने ही सहा कॉन्चेर्टो १७२१ साली ब्रँडेनबर्गच्या मारग्राफला, म्हणजे त्या पदवीच्या सरदाराला, अर्पण केली. तेव्हाचं व्हायोलिन लांबून आजच्यासारखंच दिसतं, पण त्याला आतड्याच्या तारा असतात आणि हनुवटीखालची पट्टी नसते. ज्याने सारंगी जवळून ऐकली आहे त्याला आतड्याच्या तारेचा आवाज वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्वर उमटताना गजाची किंचित खरखर येते, मग तो खुलतो. जुना गज हलका आणि बाहेरच्या बाजूला वाकलेला असतो. त्याचा स्वर टोकाशी आपोआप विरतो, त्यामुळे तुकडे सुटे-सुटे, बोलल्यासारखे ऐकू येतात. आधुनिक गज या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा भरीव स्वर देतो. रेघ लांब आणि गुळगुळीत येते, तीही अनेकांना आवडते.

पट्टीही खाली असते. आजचा ‘ए’ ४४० हर्ट्झचा. ही मंडळी बाखसाठी बहुधा ४१५ धरतात. म्हणजे पेटीवरची पांढरी सहा म्हणावी तिथे काळी चार लागते. मावशीला हे एका वाक्यात कळलं.

पण माझा कौल ठरतो तो दुसऱ्या कॉन्चेर्टोवर. त्यात चार वाद्यं पुढे असतात: ट्रम्पेट, रेकॉर्डर, सनईसारखा ओबो आणि व्हायोलिन. रेकॉर्डर म्हणजे उभी धरून फुंकायची लाकडी नळी, आवाज अगदी कोवळा. ट्रम्पेटशेजारी तिला बसवून बाखने चूक केली असं आधुनिक वाद्यांवर ऐकताना खरंच वाटतं, कारण छोटा पिकोलो ट्रम्पेट झळाळून उठतो आणि रेकॉर्डर वाजवणाऱ्याचे नुसते ओठ आणि बोटं हलताना दिसतात. जुन्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलणाऱ्या कळा, नसतात. लांब नळी, सगळे स्वर ओठांच्या ताणावर काढायचे, आणि वरच्या टप्प्यात तो आश्चर्य वाटावं इतका हळुवार वाजू शकतो. आज बरेच वादक सुरासाठी नळीला छिद्रं ठेवतात, तरी एखादा स्वर फुटतोच. तो फुटू दे. चौघं एकमेकांचं ऐकून उत्तरं देताहेत हे त्या संध्याकाळी कानांना कळतं, आणि बाखची मांडणी चुकलेली नव्हती हेही.

आधुनिक वाद्यांची बाजू हलकी नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यातलं पहिलं संगीत याच दुसऱ्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग आहे, आणि तो कार्ल रिश्टर यांच्या म्युनिकच्या आधुनिक वाद्यवृंदाने वाजवलेला आहे. त्यातला भारदस्तपणा मला आजही हलवतो. शिवाय जागा मोठी असेल तर आधुनिकच बरं. पाच हजारांहून जास्त माणसं बसणाऱ्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आतड्याच्या तारा आणि हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं जुनं कळफलकाचं वाद्य) मागच्या रांगांपर्यंत पोचता पोचता विरतात. तिथे बाखच्याच काळातल्या हँडेलची शेकडो गळ्यांची गानरचना ‘मसाया’ ऐकावी; त्या आवाजाला अंगावर घेण्यात वेगळं सुख आहे.

जुन्या वाद्यांसाठी विगमोर हॉलसारखी जागा हवी, जेमतेम साडेपाचशे खुर्च्यांची. पैसे वाचवायचे तर कार्यक्रम एक कमी करा, पण रांग पुढची घ्या. दोन रचनांच्या मध्ये पुन्हा सूर लावत बसतील. दिव्यांच्या उष्णतेने आतड्याच्या तारांचा सूर हलतो, तंबोऱ्यासारखाच. घड्याळ पाहू नका.

ज्यांना लंडन शक्य नाही त्यांच्यासाठी: मुंबईचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आधुनिक वाद्यांचा आहे, तेव्हा जुन्या वाद्यांची बाजू रेकॉर्डिंगवर ऐका. ट्रेव्हर पिनॉक आणि त्यांचा वृंद इंग्लिश कॉन्सर्ट यांच्यापासून सुरुवात करा. राइनहार्ड ग्योबेल यांचा वृंद म्युझिका आंटिक्वा क्योल्न नंतर. तिसऱ्या कॉन्चेर्टोचा शेवटचा भाग ते इतक्या द्रुत लयीत नेतात की नवख्याला काही हाती लागत नाही.

मावशीने विगमोरची तिसरी रांग घेतली आहे. रेकॉर्डर वाजवणारी व्यक्ती कुठल्या बाजूला उभी राहते, एवढंच तिला विचारायचं राहिलं होतं.