थेरपिस्टचा रिव्ह्यू : आजार नाही, अख्खा माणूस बघणाऱ्या मॅडम

मी ज्या सायकोथेरपिस्ट मॅडमकडे जाते त्या नुसतं अँक्झायटी अँक्झायटी करत बसत नाहीत, झोप लागते का, जेवण जातं का, घरात कोणाशी अबोला आहे, कामावर काय चाललंय सगळं विचारतात आणि मुख्य म्हणजे लक्षात ठेवतात. एकदा वडिलांबद्दल बोलताना मी "मी ओके आहे" म्हटलं तर हळूच म्हणाल्या, "तुमच्या मुठी आवळल्यात बघा." खरंच आवळल्या होत्या! मग पूर्ण सेशन त्यावरच गेलं.

पण मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. एका सेशनला त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं, मला लागलं, मी गप्प बसले. पुढच्या वेळी त्यांनीच विषय काढला, "मागच्या वेळी मी घाई केली, तुम्हाला काय वाटलं?" न भांडता रुसवा असाही निघतो हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि आता नवऱ्याशीही मनात न ठेवता बोलता येतंय.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच मांडलं होतं की थेरपिस्टचा खरेपणा, अट न घालता स्वीकारणं आणि समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, यातून माणूस बदलतो. इथे ते रोकडं मिळतं.

फक्त झटपट टिप्स हव्या असतील तर इथे जमणार नाही, वेळ लागतो. औषधं त्या देत नाहीत, गरज वाटली तर स्वतःहून सायकियाट्रिस्टकडे पाठवतात.