झोंबी आले तर बेळगावकरांनी कुठं जावं? मॉल, पेठ, गड की खानापूरचं रान

शहरात झोंबी शिरले तर थेट मॉल गाठायचा, असं बहुतेकांनी मनात ठरवून ठेवलेलं असतं. खायला आहे, कपडे आहेत, खाली पार्किंग आणि वर गच्ची आहे. पण ही कल्पना अमेरिकेतल्या मॉलवर बेतलेली आहे. तो गावाबाहेर असतो, चारी बाजूंनी मोकळं मैदान, लांबून येणारा माणूस दिसतो. बेळगावातला मॉल भर वस्तीत आहे. शेजारच्या इमारतीला खेटून, रस्त्याला लागून, आणि दिवसभर माणसांचा राबता. म्हणून इथं राहणाऱ्यानं इथल्याच जागा ताडून बघाव्यात. मी चार जागा धरल्या आहेत: शहरातला मॉल, रविवार पेठेतलं गोदाम-घर, येळ्ळूरचा राजहंसगड आणि खानापूरच्या पश्चिमेचं रान.

आधी समोर काय आहे ते ठरवू. झोंबी चावल्यानं संख्या वाढते, तो आवाजाकडे वळतो, थकत नाही आणि त्याला शिडी चढता येत नाही. खऱ्या रोगांत याच्या सगळ्यात जवळचा रेबीज. तिथंही विषाणू चाव्यातून शिरतो, नसांमधून मेंदूकडे सरकतो आणि वागणं बिघडवतो. पण रेबीजची लक्षणं दिसायला सहसा काही आठवडे ते महिने जातात, म्हणून लस टोचायला सवड मिळते. झोंबीच्या बाबतीत ती सवड तासांची, कधी मिनिटांची. त्यामुळे चावलेल्या माणसाचं काय करायचं हे दार लावायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असावं. ऐनवेळी, तो माणूस आपला भाऊ किंवा मामा असताना, कुणालाही ठरवता येत नाही. (कुत्रा चावला तर मात्र लगेच करायची गोष्ट आहे: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि इंजेक्शनला जायचं.)

कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये झोंबींच्या फैलावाचं गणित अमेरिकेच्या नकाशावर मांडलं होतं. दाट वस्तीची शहरं आधी पडतात, विरळ डोंगराळ मुलूख सगळ्यात उशिरा, असं त्यातून निघालं. आपल्याकडे नकाशा उलगडला तर तो मुलूख कुठला हे सांगायला नको. तरीही मी मॉल पहिल्याच फेरीत बाद करत नाही.

मॉल

मॉलची खरी ताकद पहिल्या दोन-तीन दिवसांची आहे. बाजारहाटाला आलेलं कुटुंब, बरोबर म्हातारी आई, कडेवर मूल आणि बाहेर गोंधळ. अशा वेळी तीस किलोमीटर चालायच्या गोष्टी बोलून उपयोग नाही. वरचा मजला गाठायचा. बंद पडलेला सरकता जिना हा साधा जिनाच असतो, त्यावर ट्रॉल्या एकात एक अडकवून आडव्या लोटल्या की वाट अडते. लिफ्टकडे फिरकायचं नाही. सिनेमागृह असेल तर तिथले दरवाजे जाड, आवाज बाहेर न जाऊ देणारे असतात. लहान मुलं रडतात, त्यांना घेऊन बसायला त्याहून चांगली खोली त्या इमारतीत दुसरी नाही.

दुबळी बाजू तळमजल्याची. दर्शनी भाग सगळा काचेचा. कडक केलेली काच धक्का सोसते, पण एकदा तडकली की अख्खी चुरा होऊन खाली येते, मागे काही उरत नाही. आत दुकानांची लोखंडी शटरं असतात, तीच खरी भिंत. म्हणून बाहेरचं दार राखण्यात जीव घालवू नये. शिवाय मॉलला दारं किती? पुढचं मोठं, पार्किंगमधून वर येणारं, माल उतरवायचं मागचं, आगीच्या वेळी बाहेर पडायचे जिने. गिऱ्हाइकाला एकच ठाऊक असतं, सगळी ठाऊक असतात ती रखवालदाराला आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना. आत अडकलात तर आधी त्यांना शोधा, त्यांचं ऐका. आणि बेळगाव आहे, आत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे सगळे असणार. ‘दार लाव’, ‘गप्प बस’, ‘पळ’ एवढे तीन हुकूम सगळ्यांना कळतील असे पहिल्याच तासात ठरवून घ्यावेत.

आता पाणी, कारण मॉलचा निकाल पाण्यावरच लागतो. शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पंपानं येतं. वीज गेली की पंप थांबतात, मग नळ थांबतात. उरतं ते गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०११ मध्ये झोंबींचं निमित्त करून आपत्तीच्या तयारीची यादी काढली होती, तिच्यात माणशी रोज एक गॅलन पाणी धरलं होतं. म्हणजे पावणेचार लिटर, आपण चार धरू. पन्नास माणसं असतील तर दिवसाला २०० लिटर. १०,००० लिटरची टाकी पन्नास दिवस पुरेल असं वाटतं. पण संडास, हात धुणं, भांडी धरली तर छावणीत माणशी किमान १५ लिटर लागतात, आणि तीच टाकी तेरा दिवसांत कोरडी पडते. म्हणून पहिल्या दिवशीच फ्लशच्या टाक्यांचं पाणी बंद करायचं आणि गच्चीच्या टाकीवर दोन माणसं बसवायची.

पावसाळा असेल तर चित्र पालटतं. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर जुलैत २० मिलिमीटर पडला की १०,००० लिटर, एका दिवसात. बेळगावात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये. मॉलची सपाट गच्ची त्या चार महिन्यांत सोन्याची आहे. एप्रिलमध्ये ती नुसती तापलेली फरशी.

खाण्याचं बघू. माणसाला दिवसाला २१०० कॅलरी लागतात. तांदळात हिशेब केला तर ६०० ग्रॅम, म्हणजे २५ किलोचं पोतं एका माणसाला चाळीस दिवस. मॉलच्या किराणा विभागात अशी पोती थोडी आणि बिस्किटं, चिप्स, सरबतंच जास्त. आणि शिजवणार कशावर? बंद इमारतीत कोळसा पेटवला किंवा तळघरातला जनरेटर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. मॉलला उघडणाऱ्या खिडक्या नसतात हे विसरून चालणार नाही. विजेशिवाय ती इमारत दिवसासुद्धा काळोखी आणि कोंदट असते. फ्रीजरमधलं मांस, दूध तिसऱ्या दिवशी सडायला लागतं, तो वास तुमच्याबरोबर राहतो.

पेठ

रविवार पेठ ही मॉलपेक्षा सरस जागा आहे, असं माझं ठाम मत आहे. हा शहराचा घाऊक बाजार. तांदूळ, डाळ, गूळ, तेल, शेंगदाणे, चिरमुरे, सगळं पोत्यानं. गोकाकचा करदंट एखाद्या दुकानात मिळाला तर आधी तो बांधून घ्यावा. गूळ, डिंक, सुकामेवा असल्यानं तो टिकतो आणि मूठभर खाल्ला तरी अंगात ताकद येते. कुंदा ही दुधाची मिठाई, ती त्याच दिवशी संपवावी.

इथं दर्शनी काच नाही, लोखंडी शटर आहे. जुन्या घरांना जाड भिंती, एक मुख्य दार आणि आतून अडसर. वर राहायची जागा. गच्च्या एकमेकींना लागून, त्यामुळे खाली गल्ली भरली तरी तीन-चार घरं ओलांडून पलीकडे उतरता येतं. आणि बेळगावच्या जुन्या भागात अजून विहिरी आहेत. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्ष महात्मा गांधी होते, टिळकवाडीत खणलेली काँग्रेस विहीर सगळ्यांना माहीत आहे. घराघरांतले आड मात्र झाकून टाकलेले असतात. आपल्या गल्लीत पोहरा सोडता येईल असा आड कुणाकडे आहे, हे आजच माहीत असावं. वीज नसताना दोराचं पाणी मिळतं, पंपाचं नाही.

धोका आगीचा. तेलाचे डबे, तागाची पोती, लाकडी माळे, आणि बंब यायला रस्ता नाही. चूल गच्चीवरच. दुसरा धोका गर्दीचा. बाजाराच्या दिवशी दुपारी हाहाकार झाला तर त्या गल्ल्यांतून आत शिरण्याचा प्रयत्नही करू नये. सकाळी लवकर किंवा दुकानं बंद असतील तेव्हाच.

गड

बेळगावचा भुईकोट नावापुरता विचारात घेतो. १२०४ च्या सुमाराचा, रट्ट राजांच्या काळातला, खंदक असलेला भक्कम किल्ला. पण त्याचा घेर राखायला पलटण लागेल. चार कुटुंबांचं ते काम नाही.

राजहंसगड वेगळा. लहान, टेकडीवर, वाट एकीकडून, आजूबाजूला उघडा माळ. येणारा अर्धा तास आधी दिसतो. वर विहीर आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे. पण धान्य प्रत्येक वेळी खालून वर न्यायला हवं, पावसात वारा आणि धुकं असं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि डोक्यावर छप्पर म्हणाल तर देवळापुरतंच. डिसेंबरात, दहा-पंधरा धडधाकट माणसं आणि पोती वाहून न्यायला दोन दिवस मिळत असतील तर जरूर जा. लहान मुलं आणि आजारी माणूस घेऊन जाऊ नका.

रान

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत बेळगाव भागातही पसरला. तेव्हा लोकांनी घराला कडी घालून गाव सोडलं आणि माळावर, शेतात झोपड्या घातल्या. एकमेकांपासून लांब राहिलेले वाचतात, हे आपल्या पणजोबांना कळलं होतं. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग त्यासाठी अजून आहे. जांबोटी, कणकुंबी, पुढं २०११ मध्ये घोषित झालेलं भीमगड अभयारण्य. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पाण्याची ददात नाही. घरात भात साठवलेला असतो. अभयारण्यातल्या काही वाड्यांचा संपर्क ओढे भरले की तुटतो. एरवी ते तिथल्या माणसांचे हाल असतात, आजाऱ्याला खांद्यावरून आणावं लागतं. या एका संकटात तेच तटबंदीचं काम करेल.

पण रान फुकट मिळत नाही. गवा, अस्वल, बिबट्या आहेत, पावसाळ्यात जळवा आहेत, दाट झाडीत पुढचं दिसत नाही आणि दवाखाना लांब आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या ज्यांना रोज लागतात त्यांनी तीन महिन्यांचा साठा बरोबर घेतल्याशिवाय निघू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाव तुम्हाला घेईल का? २०२० च्या टाळेबंदीत कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून वाट अडवली होती, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथं आत्या, मामा, निदान ओळखीचं घर असेल तरच जायचं. रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि पोचल्यावर दोन दिवस गावाबाहेर थांबायची तयारी ठेवायची, म्हणजे कुणी चावलेलं नाही हे त्यांना दिसेल.

महाराष्ट्रात जाऊ म्हणणाऱ्यांनी महामार्गावर राज्याच्या सीमेजवळचा कोगनोळीचा नाका आठवावा. कोरोनात तिथं रांगा लागल्या होत्या. कुठलंही राज्य सगळ्यात आधी सीमा बंद करतं, आणि आपण सीमेवरच राहतो. महामार्गावर अडकलेली गाडी म्हणजे चाकं लावलेला पिंजरा. खानापूरला जायला मी रेल्वेचा रूळ धरेन: टिळकवाडीतून देसूर, इदलहोंड, खानापूर. चालायला मोकळं आणि वाट चुकायची भीती नाही. पहाटे निघालेला धडधाकट माणूस अंधार पडेपर्यंत पोचतो.

ठरवायचं कसं? खानापूरकडे नातं आहे आणि चालणारी माणसं आहेत, तर बातमी कळल्याच्या पहिल्या रात्रीच निघा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलात तर ती संधी गेली असं समजा. म्हातारी माणसं, बाळंतीण किंवा आजारी घरात असेल तर पेठेतलं नाहीतर शहापुरातलं आडाचं घर, शेजारची चार घरं एकत्र करून. बाजारात असतानाच सापडलात तर मॉलचा वरचा मजला, पण तिथं मुक्काम ठोकायचा नाही. तिसऱ्या पहाटे, माल उतरवायच्या मागच्या दारानं, तांदूळ-डाळ आणि औषधं पाठीवर घेऊन बाहेर. जून ते सप्टेंबर असेल आणि वर पन्नासच्या आत माणसं असतील तरच आठवडाभर वाढवा.