ह्यूस्टनच्या कम्युनिटी कॉलेजात एसीचं शिक्षण: दोन सत्रांनंतरचा अनुभव

ह्यूस्टनमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या बॅचला मी एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग) शिकते आहे. कोर्स प्रमाणपत्राचा आहे, पदवीचा नाही. दोन सत्रं झाली. कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत 'घ्या' म्हणते, फक्त लॅब बुडवायची नाही. थिअरी पुस्तकातून येते, यूट्यूबवरूनही येते. बंद पडलेल्या मशीनसमोर मीटर घेऊन उभं राहिल्यावर पहिल्यांदा काय तपासायचं, ते मात्र लॅबशिवाय येत नाही.

एसी दुरुस्ती म्हणजे गॅस भरणं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. 'थंड होत नाहीये, गॅस भरून घ्या' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. इथे गॅसच्या बाटलीला हात लागायला बराच काळ गेला, कारण आधी वीज शिकवतात. ट्रान्सफॉर्मर, रिले, कॉन्टॅक्टर (बाहेरचं युनिट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), कपॅसिटर, थर्मोस्टॅटच्या तारा. सुरुवातीला कंटाळा येतो, पण बहुतेक बिघाड विजेच्या बाजूलाच निघतात. आणि गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत असतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. ती न शोधता नुसता भरून देणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, हे आमच्या शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात ठासून सांगितलं.

लॅबमध्ये ते मुद्दाम बिघाड करून ठेवतात. एकदा घरातला ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) चालू होता आणि बाहेरचं युनिट गप्प. बाहेर २४० व्होल्ट येत होते, म्हणजे ब्रेकर ठीक. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर २४ व्होल्ट हवे होते, तिथे शून्य. आतल्या बोर्डवर वाय (थंड करण्याची मागणी पोचवणारी तार) आणि सी (सामाईक तार) यांच्यामध्ये मीटर लावला तर २४ व्होल्ट व्यवस्थित. म्हणजे थर्मोस्टॅट मागणी करतोय, पण निरोप वाटेतच अडतोय. तार धरून मागे गेलो तर पाण्याच्या ट्रेमधला फ्लोट स्विच उचललेला होता. ह्यूस्टनच्या दमट हवेत हा बिघाड घरोघरी होतो. निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबते, ट्रेमध्ये पाणी साठतं आणि छत भिजू नये म्हणून स्विच मशीन थांबवतो. यात गॅसचा संबंधच नाही. गेज लावून बसलो असतो तर तासभर वाया गेला असता.

गेज लागतात तेव्हा मात्र नीट लागतात. आर-४१०ए या गॅसच्या मशीनवर सक्शनचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा) दाब ११८ पीएसआय दिसला की तक्ता सांगतो, गॅस ४० अंश फॅरेनहाइटला उकळतोय. नळीचं तापमान ५२ भरलं तर सुपरहीट, म्हणजे उकळल्यावर गॅस आणखी जितका तापला तो फरक, १२ अंश. साध्या ऑरिफिसच्या (ठरावीक भोकाच्या) मशीनला गॅस सुपरहीट बघून भरायचा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (प्रवाह आपोआप कमी-जास्त करणारी झडप) असेल तर सबकूलिंग, म्हणजे द्रव झाल्यावर गॅस आणखी किती गार झाला, ते बघून. ही वजाबाकी समजली त्या दिवशी दाबाचे आकडे मला पहिल्यांदा बोलके वाटले.

मोठा एसी म्हणजे चांगला एसी, हाही समज इथे गळून पडला. ५०० चौरस फुटांना एक टन, असा ठोकताळा इथले कंत्राटदारही वापरतात. पण मशीन गरजेपेक्षा मोठं असेल तर खोली भराभर गार करून थांबतं आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. घर थंड पण चिकचिकीत. मुंबई-कोकणात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. खिडक्या, दिशा, इन्सुलेशन धरून 'मॅन्युअल जे' नावाच्या पद्धतीने भार, म्हणजे घराला किती थंडावा लागेल ते, काढायला शिकवतात, तो भाग मला सगळ्यात आवडला.

आता तक्रारी. लॅबमधली मशीनं जुन्या गॅसची आहेत. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरगुती एसीची नवीन यंत्रणा आर-४१०ए वर बनवता येत नाही. बाजार आर-४५४बी आणि आर-३२ कडे वळलाय, आणि हे दोन्ही सौम्य ज्वलनशील आहेत. त्यांची हाताळणी आम्हाला जवळजवळ स्लाइडवरच दाखवली. आर-३२ चे एसी भारतात कितीतरी वर्षं घरोघरी आहेत, गोदरेजने तर प्रोपेनवर चालणारेही विकले. तिथल्या आयटीआयतून आलेला मुलगा या बाबतीत आमच्या पुढे असू शकतो. दुसरी तक्रार 'व्ही'ची, म्हणजे व्हेंटिलेशनची. नावात हक्काची जागा असूनही त्याच्या वाट्याला दोन-तीन तास आले. घरात ताजी हवा किती यावी, डक्टमधला दाब किती असावा, यावर माणसाची झोप आणि तब्येत अवलंबून असते. ते असं उरकून टाकणं मला पटलं नाही.

हत्यारांच्या यादीने घाबरू नका. चांगला क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून विजेचा प्रवाह मोजणारा) घ्या, त्यात काटकसर नको. व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज (नळ्या किती निर्वात झाल्या ते मोजणारा) कॉलेजचे वापरा. यंत्रणा ५०० मायक्रॉनच्या खाली ओढायची आणि पंप बंद करून आकडा वर चढतो का ते बघायचं, ही सवय लॅबमध्येच अंगवळणी पाडून घ्या. उन्हाळ्यात माळ्यावरची उष्णता खरोखर जीवघेणी असते. काम पहाटे सुरू करतात ते त्यासाठीच.

'इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून आता एसीवाली होणार का?' असं आपल्याच लोकांनी विचारलं. ज्या शहरात ऑगस्टमध्ये एसी बंद पडला की म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर बेततं, तिथे हे काम नेमकं येणं मला फार मोलाचं वाटतं. टेक्सासमध्ये नोकरीला लागताना राज्याकडे तंत्रज्ञ म्हणून नोंदणी करावी लागते. स्वतःचा धंदा काढायचा असेल तर परवानाधारकाच्या हाताखाली काही वर्षं काढावी लागतात.

ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) ६०८ परीक्षा मात्र कोर्स संपायची वाट न बघता द्या. गॅस विकत घ्यायला आणि हाताळायला ती लागतेच. चार भाग, प्रत्येकी २५ प्रश्न, १८ बरोबर आले की तो भाग सुटला. चारही सुटले की युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्या प्रकारच्या यंत्रणांना चालणारं प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत नसते.