चार दिवसांच्या आठवड्याला गूगल कॅलेंडर कितपत पुरतं?

दहा-दहा तास चार दिवस काम आणि शुक्रवारी सुट्टी, असा आठवडा ऑफिसने मान्य केला की पहिली डोकेदुखी एकच: शुक्रवारच्या मीटिंगा थोपवायच्या कशा? गूगल कॅलेंडरच्या ऑफिस खात्यात त्यासाठी ‘वर्किंग अवर्स’ आहेत, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो.

संगणकावर सेटिंग्जमध्ये ‘वर्किंग अवर्स अँड लोकेशन’ उघडा, शुक्रवारची खूण काढा. बाकीच्या दिवसांचे अधिकच्या चिन्हाने दोन तुकडे करता येतात: ८ ते १, मग ४ ते ९. मधले तीन तास मुलांच्या शाळेला, बँकेला, नाहीतर सरळ वामकुक्षीला. हा भाग झकास जमलाय. पण ही नुसती ‘१ ते ४ बंद’ची पाटी आहे. वेळेबाहेर कुणी बोलावलं तर त्याला इशारा दिसतो इतकंच; इशाऱ्याकडे काणाडोळा केला की निमंत्रण तुमच्या कॅलेंडरात येऊन बसतं.

कडी लागते ती ‘आउट ऑफ ऑफिस’ने. शुक्रवारी तसा इव्हेंट टाका, दर आठवड्याचा रिपीट लावा आणि आपोआप नकार चालू करा. नकार फक्त नव्या मीटिंगांना द्यायचा की आधी ठरलेल्यांनाही, हे तिथेच विचारलं जातं. घाईत दुसरा पर्याय दाबलात तर साहेबांच्या मीटिंगलाही परस्पर नकार जातो. पहिला घ्या, जुन्या मीटिंगा बोलून हलवा.

जीमेलच्या ‘व्हेकेशन रिस्पॉन्डर’ला मात्र दर शुक्रवार कळत नाही. तो फक्त सुरुवातीची आणि शेवटची तारीख घेतो. कायम चालू ठेवला तर सोमवारीही ‘मी सुट्टीवर आहे’ म्हणून सांगत सुटतो. त्यापेक्षा मेलच्या सहीखाली ‘शुक्रवारी सुट्टी’ एवढी ओळ पुरते.

अमेरिकेशी काम असेल तर आणखी एक मेख. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे ६:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ७:३०. तिकडच्या वेळेला बांधलेली मीटिंग आपोआप सरकते, तुमचे वर्किंग अवर्स सरकत नाहीत. सातला काम संपवणाऱ्याची मीटिंग हिवाळाभर वेळेबाहेर जाते. नोव्हेंबर लागला की तास हाताने बदला.

पाचपैकी साडेतीन. आठवड्याचे ४० तास भरले की नाही, याचा हिशेब वर्किंग अवर्स ठेवत नाहीत. हजेरीची सोय वेगळी करावी लागते.