राजकीय आश्रय की ३ महिन्यांचा विसावा?

धमक्या वाढल्या की मानवाधिकार कार्यकर्त्यापुढे देश सोडण्याच्या दोन वाटा असतात. पहिली राजकीय आश्रयाची. १९५१ च्या निर्वासित करारानुसार, जिथे जिवाला धोका आहे तिथे परत धाडता येत नाही. हे संरक्षण मोठंच. पण आपणहून मायदेशी राहायला गेलात, तर निर्वासिताचा दर्जा जाऊ शकतो. (भारताने या करारावर सहीच केलेली नाही, हे जाता जाता.)

दुसरी वाट नेदरलँड्सच्या ‘शेल्टर सिटी’ या तात्पुरत्या आसऱ्याच्या उपक्रमासारखी: साधारण ३ महिने राहायला घर, मानसिक आधार, डिजिटल सुरक्षेचं प्रशिक्षण आणि मग परत आपल्या माणसांत. कामाची नाळ तुटत नाही, म्हणून मला हीच उजवी वाटते. मात्र घरी अटक वॉरंट वाट पाहत असेल, तर ३ महिने कुठे पुरणार? तिथे आश्रयच मागावा.