तिकीट खरे, फेरी वेगळी: न्यू यॉर्कच्या बॅटरी पार्कमधील फसवणूक

न्यू यॉर्कमध्ये स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या बेटावर आणि त्याच्या शेजारच्या एलिस बेटावर पर्यटकांना उतरवण्याचा हक्क फक्त एकाच बोटसेवेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने नेमलेल्या या कंपनीचे नाव स्टॅच्यू सिटी क्रूझेस असे आहे. तिच्या बोटी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील बॅटरी पार्कमधून आणि हडसन नदीच्या पलीकडच्या जर्सी सिटीतील लिबर्टी स्टेट पार्कमधून सुटतात. मोठ्या माणसाचे साधे तिकीट २५ डॉलरच्या आसपास मिळते आणि त्यात दोन्ही बेटे व तिथली संग्रहालये येतात, कारण बेटांवर वेगळे प्रवेशशुल्क नाही. ही माहिती शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती ज्यांच्याजवळ नसते अशा तरुण मुलामुलींवरच बॅटरी पार्कच्या वाटेवरचा एक मोठा धंदा चालतो. आमच्या बाबतीत तो कसा चालला ते मी सविस्तर लिहिते आहे, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना त्यातली प्रत्येक पायरी आधीच ओळखता येईल.

आम्ही चौघे महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला आलेले विद्यार्थी. चौघांच्याही डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे आणि सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करण्याची परवानगी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर मिळत नाही, त्यामुळे सुट्टीतला प्रवास म्हणजे रात्रीची बस, पाठीवर एक सॅक आणि कोणाच्या तरी ओळखीने मिळालेली झोपायची जागा. नाशिकच्या मित्राची मावशी जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहते. तिच्याकडे उतरून आम्ही सकाळी पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटरला आलो आणि ब्रॉडवेने दक्षिणेकडे चालत निघालो. जिथे मुक्काम होता त्याच शहरातून अधिकृत बोट सुटते आणि तिथली गर्दी बहुतेक वेळा मॅनहॅटनपेक्षा कमी असते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. म्हणून जर्सीत उतरणाऱ्या मराठी मुलांसाठी ते इथेच लिहून ठेवते.

बोलिंग ग्रीनजवळ, जिथे बैलाच्या प्रसिद्ध ब्राँझ शिल्पाभोवती फोटोसाठी झुंबड असते, तिथून पुढे जाताच रंगीत जाकीट घातलेली माणसे दिसू लागतात. त्यांच्या गळ्यात फीत, फितीला प्लॅस्टिकमध्ये बसवलेले कार्ड आणि हातात पुतळ्याचा मोठा फोटो व बंदराचा नकाशा असतो. उभे राहण्याची जागा ते अचूक निवडतात: भुयारी रेल्वेच्या जिन्यांची तोंडे, चौकातले सिग्नल आणि उद्यानाच्या आत शिरणाऱ्या वाटा. म्हणजे तिकिटाच्या खऱ्या खिडकीपर्यंत पोहोचण्याआधी त्यांना ओलांडून जाण्यावाचून गत्यंतर नसते. आम्हाला ज्याने गाठले तो माणूस बोलायला अतिशय सभ्य होता. आम्ही कुठले हे विचारून त्याने नमस्ते म्हटले, विद्यार्थी आहोत हे कळल्यावर अभ्यासाची चौकशी केली आणि मगच विषयाला हात घातला.

त्याने जे सांगितले त्यातले बरेचसे खरे होते, आणि मला वाटते ही सगळी फसवणूक त्या खरेपणावरच उभी असते. पुतळ्याच्या मुकुटापर्यंत जाण्याची तिकिटे संपली आहेत, असे तो म्हणाला. ती जवळजवळ नेहमीच संपलेली असतात, कारण मुकुटातली जागा अगदी थोडी, पायथ्याच्या चौथऱ्यापासून वर जायला १६२ पायऱ्यांचा अरुंद जिना आणि आरक्षण खूप आधी नावानिशी करावे लागते. सुरक्षा तपासणीची रांग मोठी आहे, असेही तो म्हणाला. उन्हाळ्यात ती असतेच, कारण बोटीत चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी होते. आपण अधिकृत विक्रेता आहोत, हे त्याने कार्ड उचलून दाखवले. न्यू यॉर्क शहरात सार्वजनिक जागेवर पर्यटनाची तिकिटे विकायला शहराचा परवाना लागतो, तेव्हा एखाद्याजवळ तो असूही शकतो. पण परवाना रस्त्यावर तिकीट विकण्याचा असतो. विकले जाणारे तिकीट पुतळ्याच्या बेटावर उतरवणाऱ्या बोटीचे आहे याची तो हमी देत नाही. या तीन खऱ्या गोष्टींच्या ओळीत चौथी गोष्ट त्याने सहज मिसळून दिली: आपली बोट लगेच सुटते, रांग लागत नाही, ती पुतळ्यापाशी जाते आणि एलिस बेटही त्यातच येते. माझ्या मैत्रिणीने मुद्दाम विचारले की एलिस बेटावरची नोंदणीची मोठी दालने पाहायला मिळतील ना. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १.२ कोटी माणसे ज्या बेटावरून अमेरिकेत शिरली ते बेट तिला पुतळ्यापेक्षाही महत्त्वाचे वाटत होते. त्याने मान डोलावून नकाशावर एलिस बेटाला बोट लावले. तोंडाने मात्र काहीच म्हटले नाही.

एका तिकिटाचे ४९ डॉलर ठरले. चौघांचे १९६ झाले असते, पण मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्रावर २१८ डॉलर दिसले आणि विचारल्यावर वरचे २२ डॉलर सेवाशुल्क असल्याचे उत्तर मिळाले. मागे आणखी लोक उभे होते, सिग्नल सुटला होता, बस निघते आहे असे तो दुसऱ्या कोणाला तरी ओरडून सांगत होता. ही घाई त्याच्या कामाचाच भाग असते. पैसे पुण्यातल्या एका बँकेच्या कार्डावरून गेले. भारतात आपल्याला ओटीपीची इतकी सवय झालेली असते की तो येईपर्यंत व्यवहार पुरा होत नाही असे मन धरून चालते. परदेशात मात्र कार्ड यंत्राला टेकवले की पैसे गेले, तिथे ओटीपी येत नाही. आपल्या हाताशी असलेले खरे संरक्षण म्हणजे परदेशी व्यवहारांची मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २०२० पासून कार्डधारकाला परदेशी व्यवहार बंद-चालू करण्याची आणि त्यांची कमाल रक्कम ठरवण्याची सोय बँकेला द्यावी लागते. प्रवासाच्या दिवशी ती मर्यादा त्या दिवसाच्या खर्चाएवढीच ठेवावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

पैसे दिल्यानंतर आम्हाला बॅटरी पार्कच्या बोटीकडे नेण्यात आले नाही. एका छोट्या बसमधून आम्ही पूर्व नदीच्या काठावरच्या एका धक्क्यावर पोहोचलो, तिथे बराच वेळ उन्हात थांबलो आणि शेवटी एका खासगी बोटीत बसलो. तासाभराची फेरी झाली. ब्रुकलिन पूल पाहिला, बंदरात शिरलो, पुतळ्यासमोर बोटीचा वेग कमी झाला, सगळ्यांनी फोटो काढले आणि बोट वळली. एलिस बेट उजवीकडून दुरून गेले. मैत्रिणीने बोटीवरच्या कर्मचाऱ्याला उतरायचे कधी असे विचारले, तेव्हा ही बोट कुठेच थांबत नाही, तशी परवानगीच तिला नाही, असे त्याने सरळ सांगितले. त्याने काहीही लपवले नाही, कारण त्याला लपवण्याची गरज नव्हती. आम्ही तिकिटे काढून पाहिली. त्यांवर बंदराची एक तासाची सफर असे स्पष्ट छापले होते, खाली पैसे परत मिळणार नाहीत अशी ओळ होती आणि पुतळ्याचे नाव फक्त चित्रावर होते.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फसवणूक म्हटली की आपण बनावट तिकीट, खोटी नोट, नकली पावती यांची कल्पना करतो आणि कागद खरा दिसला की निर्धास्त होतो. इथे कागदात खोटे काहीच नसते. बोट खरी, धक्का खरा, कंपनी नोंदलेली आणि फेरीही प्रत्यक्ष घडते. खोटे असते ते फक्त रस्त्यावरच्या तोंडी बोलण्यात, आणि बोलण्याचा पुरावा कोणाजवळच उरत नाही. धक्क्यावरच्या खिडकीत आम्ही तक्रार केली तेव्हा विक्रेते कमिशनवर काम करणारे स्वतंत्र लोक आहेत आणि ते काय बोलतात याची जबाबदारी आमच्यावर नाही, असे उत्तर मिळाले. आम्ही पुन्हा बोलिंग ग्रीनला आलो, पण तो माणूस तिथे नव्हता. त्याच्या जागी तसल्याच जाकिटातली दुसरी माणसे होती आणि त्यांनी आम्हाला पुन्हा तीच तिकिटे देऊ केली.

तिथून आम्ही कॅसल क्लिंटनमध्ये गेलो. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाच्या आधी, १८०८ ते १८११ या काळात बांधलेला हा वालुकाश्माचा गोल किल्ला बॅटरी पार्कच्या आत आहे आणि अधिकृत तिकिटांची खिडकी याच किल्ल्यात आहे. एलिस बेटाचे केंद्र सुरू होण्यापूर्वी, १८५५ ते १८९० या काळात, युरोपातून येणाऱ्यांची नोंद याच जागी होत असे. खिडकीवरच्या बाईंनी आमची तिकिटे पाहिली आणि एका दृष्टिक्षेपात काय घडले ते ओळखले. त्यांनी अत्यंत आपुलकीने समजावले की उद्यानाच्या बाहेर, रस्त्यावर किंवा पदपथावर त्यांचा एकही विक्रेता नसतो. तोवर दुपार बरीच उलटली होती आणि दोन्ही बेटे नीट पाहून होतील इतका वेळ उरला नव्हता. आमची परतीची बस त्याच रात्री असल्यामुळे मैत्रिणीचे एलिस बेट राहून गेले. पैशांपेक्षा मला त्याचेच अधिक वाईट वाटते, कारण गेलेली रक्कम कमावता येते. मैत्रीण मात्र पदवी घेऊन भारतात परतणार आहे आणि पुन्हा न्यू यॉर्कला येणे तिच्या हातात नाही.

त्याच बाईंनी आम्हाला स्टेटन आयलंड फेरीविषयी सांगितले. ही नारिंगी रंगाची मोठी बोट बॅटरी पार्कला लागूनच असलेल्या व्हाइटहॉल टर्मिनलवरून दिवसरात्र सुटते, स्टेटन आयलंडला साधारण २५ मिनिटांत पोहोचते आणि १९९७ पासून तिला भाडेच नाही. ती पुतळ्याच्या बेटावर थांबत नाही. पण जाताना उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहिले तर आम्ही २१८ डॉलर देऊन जे पाहिले ते जवळपास सगळे, पाण्यावरून दिसणारे मॅनहॅटनही, फुकट दिसते. पलीकडे गेल्यावर सर्वांना उतरावे लागते आणि पुन्हा चढून परत यावे लागते, एवढेच. या फुकट बोटीचेही तिकीट म्हणून काहीतरी विकणारे लोक त्या परिसरात वावरतात. त्यामुळे व्हाइटहॉल टर्मिनलच्या आसपास कोणीही स्टेटन आयलंड फेरीसाठी पैसे मागितले तर त्याच्याशी बोलत थांबू नये. थेट आत जावे. तिथे तिकिटाची खिडकीच नाही.

बँकेकडे केलेल्या तक्रारीचा अनुभव मुलांच्या पालकांनीही वाचावा. आपल्याकडे अनेकांचा समज असा आहे की तीन दिवसांत कळवले की बँक पैसे परत देते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली ही तीन कामकाजी दिवसांची तरतूद ग्राहकाच्या परवानगीशिवाय, त्रयस्थाने केलेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः कार्ड टेकवले असेल तर तो व्यवहार आपल्या संमतीचा ठरतो आणि वाद फक्त सांगितलेली सेवा मिळाली नाही एवढाच उरतो. आमच्या तक्रारीवर कंपनीने तिकिटाची प्रत आणि पावती पाठवली, त्यांवर बंदराची सफर असे लिहिलेले होते, सफर घडली होती, आणि बँकेने तक्रार बंद केली. बँकेच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही. म्हणूनच जे काही वाचायचे ते पैसे देण्याआधी वाचावे लागते. विक्रेत्याला शांतपणे सांगावे की छापील तिकीट आधी हातात द्या, आणि त्यावर लिबर्टी आयलंड (म्हणजे पुतळ्याचे बेट) व एलिस आयलंड येथे बोट थांबते असे लिहिलेले कुठे आहे ते दाखवा. खरा विक्रेता दाखवील. दुसरा चिडेल किंवा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. यंत्रावरची रक्कम बोललेल्या रकमेपेक्षा एका डॉलरने जरी जास्त असली तरी कार्ड मागे घ्यावे, मागे कितीही लोक खोळंबलेले असोत.

सेंट्रल पार्कमधल्या सायकलरिक्षांबाबतही अशीच काळजी घ्यावी. तिथले भाडे मिनिटावर असते आणि त्याचा फलक रिक्षावर लावलेला असावा लागतो. तोंडी सांगितलेला आकडा संपूर्ण फेरीचा समजून बसलेल्या पर्यटकाच्या हाती उतरताना भलतेच बिल पडते.

तरीही कोणी फसलेच, तर गप्प बसू नये. परक्या देशात विद्यार्थी व्हिसावर असताना पोलीस किंवा सरकारी कार्यालय म्हटले की आपली मुले बिचकतात, आणि रस्त्यावर असा धंदा करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. तातडीची नसलेली कोणतीही तक्रार न्यू यॉर्कमध्ये ३११ या क्रमांकावर करता येते, अशा विक्रेत्यांविषयीची तक्रार शहराच्या ग्राहक आणि कामगार संरक्षण विभागाकडे जाते आणि विक्रेत्यांचे परवाने देणारा विभागही तोच आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी, परत पोहोचल्यावर, तक्रार नोंदवली. तक्रारीत वेळ, नेमका चौक, तिकिटाचा फोटो आणि पावती हे सगळे आम्ही देऊ शकलो. विक्रेत्याचा परवाना क्रमांक मात्र देता आला नाही. पैसे देण्याआधी त्याच्या गळ्यातल्या कार्डाचा फोटो काढून ठेवावा, आणि तो काढू देत नसेल तर त्याच्याकडून काहीच विकत न घेता तसेच पुढे कॅसल क्लिंटनच्या खिडकीपर्यंत चालत जावे. बोलिंग ग्रीनपासून ती पायी काही मिनिटांच्याच अंतरावर आहे.